रुळांअलीकडचा लाल दिवा

संध्याकाळी रस्त्याच्या कडेला लोक घडीच्या खुर्च्या टाकून बसले होते. कुणी थर्मासमधली कॉफी ओतत होतं, कुणी कोबी-खिमा भरलेले पाव, बिअरॉक, वाटत होतं, आणि सगळ्यांच्या माना दक्षिणेकडे वळलेल्या होत्या. शाळेचा फुटबॉलचा सामना सोडला तर आमच्या गावात एवढी माणसं एका जागी जमलेली मी पाहिलेली नाहीत. गव्हाची कापणी तोंडावर आली होती, तरी यंत्रं शेडमध्ये उभी करून माणसं आली होती. कशाला? तर एका मेलेल्या मुलाचा पाय बघायला.

"आली, आली!" कुणीतरी ओरडलं.

फिकट हिरवी पिकअप समोरून आली. आमच्या वडिलांची, बहात्तर सालची. चालवत होती माझी धाकटी बहीण वर्लीन, आणि तिनं दोन्ही पाय वर घेऊन सीटवर मांडी घातली होती. शेजारी साक्षीला गावात केस कापणारा लिओन. गाडी आमच्या समोरून गेली, चाकांखालून घर्रर्र असा आवाज आला, आणि मागचे दोन्ही ब्रेकचे दिवे लाल झाले. थरथरत लाल झाले. मग गाडीचा वेग कमी होत गेला आणि रुळांकडे जाणारा चढ चढता चढता ती अगदी मुंगीच्या पावलानं वर पोचली.

लिओननं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "पाय वर होते! आईशप्पथ, दोघांचेही पाय वर होते!"

बायका रडायला लागल्या. खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला. कारण त्या रुळांवर, त्याच जागी, मागच्या शरद ऋतूत धुक्यात मालगाडीनं आमच्या गॅरेटला नेलं होतं. धान्याच्या कोठारावर कामाला जात होता तो, कोठाराच्या गाडीतून. वर्लीनचा एकुलता एक मुलगा.

"पाहिलंत?" ब्रदर रॉयस पिंपावर चढून गरजला. हा फिरता धर्मोपदेशक ओक्लाहोमाहून प्रवचनाचा तंबू घेऊन आला होता. पांढरे बूट, पट्ट्याला ताटलीएवढं बक्कल. "कुणाचा पाय आहे तो? सांगा! पोर थरथरतंय बघा, आईच्या काळजीनं थरथरतंय! आणि तो घर्रर्र आवाज ऐकलात? तो इंजिनाचा नाही बंधूंनो, तो पलीकडचा कंठ आहे! स्वर्गाचंही एक गॅरेज असतं, आणि तिथला मेकॅनिक सुट्टी घेत नाही!"

लोक "आमेन" म्हणाले. स्वर्गातल्या मेकॅनिकला ऑइल बदलायला किती वेळ लागतो, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण वर्लीन गाडीतून उतरत होती, आणि सहा-सात महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर तेज दिसत होतं.

मग रॉयसनं आवाज खाली आणला. "येत्या रविवारी दुपारी धान्याची मालगाडी जाते, त्या वेळी भगिनी वर्लीन याच रस्त्यानं येईल. पाय वर. आणि डोळे बंद. ज्या गाडीनं पोर नेलं, त्याच गाडीसमोर पोर आईला थांबवेल!"

माझ्या हातातला कॉफीचा कप तसाच राहिला.

मी गावच्या शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलं. या गर्दीतल्या निम्म्या लोकांना मीच घर्षण शिकवलं होतं. आता पेन्शनीत निघालोय, पण डोकं अजून पेन्शनीत गेलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी वर्लीनच्या दारात उभा राहिलो.

"तू भांडायला आलायस," ती म्हणाली.

"डोळे मिटून रुळांवर जाणार आहेस तू. मग काय ओवाळायला येऊ?"

"तो थांबवतो मला, डेल."

"गाडी थांबते. कोण थांबवतं ते बघू या ना."

ती ओट्याला टेकली. "तुला आठवतं? ती गाडी त्यानं कशी घडवली?"

आठवत होतं. आजोबांच्या पिकअपमधलं म्हातारं इंजिन काढून गॅरेटनं त्यात कॉम्प्युटरवर चालणारं नवं इंजिन बसवलं होतं. सगळं जमलं, पण क्रूझ कंट्रोल काही केल्या चालेना. बटण दाबलं की गाडीनं आपोआप वेग धरून ठेवायचा, पायाला विश्रांती. पण जुन्या गाडीच्या तारा आणि नव्या इंजिनाचं डोकं यांचं पटतच नव्हतं. पोरगा महिनोन्‌महिने डॅशबोर्डखाली पाठीवर पडून असायचा. जमलं त्या दिवशी आईला फेरी मारायला घेऊन गेला.

"मला चालवायला बसवलं," वर्लीन म्हणाली. "म्हणाला, आई, पाय वर घे. आता गाडी तुला सांभाळते. त्याच रस्त्यानं गेलो आम्ही, तेच रूळ ओलांडले. तेव्हा नाही सुटला क्रूझ. दिवा नाही लागला. तो गेल्यावर लागायला लागला. आता सांग तुझं विज्ञान."

प्रश्न चोख होता.

मी शाळेतून तपासणीचं यंत्र मागून आणलं आणि गाडीच्या कॉम्प्युटरला जोडलं. क्रूझ शेवटचा का सुटला, हे असं यंत्र सांगतं. पडद्यावर अक्षरं उमटली: ब्रेकचं पेडल दाबलं गेलं.

वर्लीननं माझ्या खांद्यावरून वाचलं आणि तोंडावर हात ठेवला. "बघ! तुझं यंत्रही तेच म्हणतंय. त्यानंच दाबलं."

झालं! साक्षीदार माझा आणि साक्ष रॉयसची. मी गॅरेजमध्ये उलट्या बादलीवर बसून राहिलो. मग शाळेत पोरांना विचारायचो तोच प्रश्न स्वतःला विचारला: आधी होत नव्हतं, आता होतं. मग मधल्या काळात काय बदललं?

गॅरेट गेला, हे बदललं. पण फक्त तेवढंच नाही. गॅरेट गेला म्हणून आणखीही एक गोष्ट बदलली होती, आणि तिच्या अर्जावर पहिली सही माझीच होती.

मी डॅशबोर्डखाली शिरलो. पेडल अजून बहात्तर सालचंच होतं. ते वर खेचून धरणारी स्प्रिंग मेलेली, नुसती लोंबत होती. पेडलच्या दांड्याला टेकून ब्रेकच्या दिव्याचा स्विच. दांडा केसभर हलला की दिवा लागणार, इतका नाजूक. मी जमिनीच्या पत्र्यावर मूठ आपटली. पेडल थरथरलं.

मागून वर्लीनचा श्वास ऐकू आला. गॅरेजची मागची भिंत लाल झाली होती.

"पुन्हा कर," ती म्हणाली.

मी पुन्हा मूठ आपटली. भिंत पुन्हा लाल झाली, थरथरत.

"बस," ती म्हणाली. "नको आता."

मी बाहेर आलो. तिच्याकडे न बघता बोललो, कारण बघवत नव्हतं. "वसंतात काउंटीच्या रस्तेवाल्यांनी आपल्या अर्जावरून रुळांआधी रस्त्यात आडव्या खाचा पाडल्या. झोपाळू ड्रायव्हर हादरून जागा व्हावा म्हणून. घर्रर्र आवाज त्यांचाच. गाडी हादरते, पेडल हलतं, दिवा लागतो. जुन्या इंजिनाला या थरथरीचं सोयरसुतक नसतं. पण नव्याचा कॉम्प्युटर तीच तार ऐकत असतो. त्याला वाटतं ब्रेक दाबला, आणि तो क्रूझ सोडून देतो."

"हे तुझं म्हणणं."

"माझं म्हणणं सोड. चल, कोठारापलीकडच्या रुळांवर जाऊ. तिथंही खाचा पाडल्यात. आणि तिथं कुणी मेलेलं नाही."

ती गेली. चालवायला तीच बसली, पाय वर घेऊन. मी शेजारी. खाचा आल्या, घर्रर्र झालं आणि क्रूझ सुटला. वर्लीननं गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं.

"या रस्त्यानं तो कधी यायचाच नाही," ती म्हणाली. मग मान वर करून म्हणाली, "एकदा गेला तेव्हा तू खांदा दिलास, डेल. आता दुसऱ्यांदा तूच नेलास."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही, एवढंच.

पण एक गोष्ट सांगायलाच हवी होती. "वर्लीन, नीट ऐक. त्या खाचांवर दिवा लागतो, ब्रेक लागत नाही. चाकांना कुणी हात लावत नाही. वेग कमी होतो तो चढामुळे. संध्याकाळी वारा पडलेला असतो म्हणून गाडी रुळांपाशी रांगते. रविवारी दुपारी दक्षिणेचा वारा पाठीत असला तर ती रांगणार नाही."

तिनं गाडी वळवली. मला घरी सोडून निघून गेली. पुढचे दिवस तिनं फोन उचलला नाही, आणि मला जेवण गेलं नाही.

रविवारी वारा असा सुटला होता की खुर्च्या उडत होत्या. गर्दी मात्र दुप्पट. रॉयस टोपी धरून पिंपावर उभा होता. वर्लीन गाडी घेऊन आली, पण सरळ आमच्यासमोर थांबली आणि खाली उतरली. मी धावत तिच्याजवळ गेलो. तिनं मला हातानं बाजूला केलं.

"ब्रदर रॉयस," ती म्हणाली, "माझा मुलगा सगळ्यांनाच थांबवेल ना?"

"ज्याची श्रद्धा आहे त्याला, भगिनी!"

"तुमची आहे?"

"माझी? डोंगर हलवेल एवढी!"

तिनं किल्ली पुढे केली. "मग बसा. पाय वर, डोळे बंद. मालगाडी येतेच आहे."

रॉयसनं किल्लीकडे बघितलं, मग रुळांकडे. पूर्वेकडून शिटी ऐकू आली. "आत्म्याची परीक्षा पाहू नये," तो म्हणाला. "शिवाय हा... हा आई आणि मुलामधला मामला आहे. माझी पाठही धरलीय."

"डोंगर हलवताना धरली काय?" लिओन ओरडला. लोक हसले. हसता हसता अवघडले, कारण वर्लीन हसत नव्हती.

मालगाडी धडधडत आली आणि एकेक डबा करत निघून गेली. तोवर वर्लीन डोळे उघडे ठेवून तिच्याकडे बघत उभी होती. रूळ मोकळे झाल्यावर दोन्ही दिशांना नजर टाकली, लिओनला पलीकडे रस्ता अडवायला उभं केलं, आणि गाडी मागे, दूर दक्षिणेला नेली. मग ती आली. पाय वर, पाठीत वारा. खाचांवर घर्रर्र झालं. दिवे लाल झाले, थरथरले. आणि गाडी थांबली नाही. रांगलीही नाही. चढ चढली, रूळ ओलांडले, आणि पार पलीकडे जाऊन वर्लीननं स्वतः ब्रेक दाबला तेव्हा उभी राहिली.

आत्ताच गेलेले ते डबे प्रत्येकाच्या डोळ्यासमोर होते.

ती परत आली. तिनं घरच्या जाळीच्या दाराची स्प्रिंग काढून आणली होती. "लाव," ती मला म्हणाली. मी पेडलला ती अडकवली आणि काय बिघडलं होतं ते लोकांना सांगितलं. शाळेत सांगायचो तसंच. तिनं आणखी एक फेरी मारली. खाचा वाजल्या, पण दिवा लागला नाही. लोक खुर्च्या घडी करायला लागले. रॉयसचा तंबू त्या दिवशी संध्याकाळपर्यंत उठला होता, आणि जाताना त्याचे पांढरे बूट फार भराभर चालत होते.

त्याच्यावर माझा राग आहेच. पण त्याहून जास्त राग आम्हा सगळ्यांवर आहे. दिवा का लागतो, हे एकानंही विचारलं नाही, आणि एका आईला डोळे मिटून रुळांवर पाठवायला टाळ्या वाजवल्या. दुःखात माणूस कशावरही विश्वास ठेवतो. मीही ठेवला असता. म्हणून तर शेजारच्यानं डोकं जागं ठेवायचं असतं. चमत्कार दिसला तर हात जोडा हवं तर, पण जोडण्याआधी वाकून खाली बघा, तार कुठे जाते ते.

सगळे गेल्यावर वर्लीन रस्त्यात बसली आणि खाचांवरून तळहात फिरवत राहिली.

"या तरी त्याच्यामुळेच आहेत ना?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणालो. "तो गेला म्हणूनच पाडल्या."

"मग कुणीतरी जागं होईल."

"होईल."

ती उठली, गाडीत बसली आणि घरी निघाली. मी मागून माझ्या गाडीत होतो. रुळांपाशी तिनं ब्रेक दाबला, दोन्हीकडे बघितलं. मागचे दिवे लाल झाले, आणि ती बघत होती तोवर स्थिर जळत राहिले.