कुंडलिकचं टाइमटेबल आणि चंपाचं हूं

कुंडलिकनं टाइमटेबल भिंतीवर चिकटवलं कणकेच्या खळीनं, आणि चंपानं ते वाचलं भाकरी थापता थापता.

"पहाटे चार ते सहा, पाण्याची चावी," ती मोठ्यानं वाचू लागली. "सहा ते सात, आंघोळ व चहा. सात ते नऊ, लेखन. दुपारी एक तास विश्रांती. संध्याकाळी पुन्हा चावी. आठला जेवण. साडेआठ ते पावणेनऊ, कुटुंब." तिनं भाकरी तव्यात टाकली आणि पाण्याचा हात फिरवला. "अवं, ह्ये कुटुंब म्हंजी मीच का?"

"तू आन सुजाता. दोघी."

"पाव तासात दोघी? म्हंजी माझ्या वाटणीला साडेसात मिनटं."

सुजाता त्यांची मुलगी. यंदा मॅट्रिकला होती. ती पुस्तकात तोंड खुपसून हसली. कुंडलिक मात्र गंभीर होता. टाइमटेबल त्याच्या मनचं नव्हतं, भाऊराव गुरुजींचं होतं.

भाऊराव गुरुजींनी सात वर्षांपूर्वी घाटकोपरच्या त्या टेकडीवरच्या बुद्धविहारात मोठ्या माणसांसाठी संध्याकाळचा वर्ग काढला होता. कुंडलिक तेव्हा पंचेचाळिशीला आलेला. पालिकेच्या पाणीखात्यात चावीवाला. पुरुषभर उंचीची लोखंडी चावी खांद्यावर टाकून गल्ल्यागल्ल्यांतून फिरायचं, रस्त्यातलं झाकण उचलायचं, व्हॉल्व्ह फिरवायचा आणि एकेका वस्तीला पाणी सोडायचं, हे त्याचं काम. व्हॉल्व्ह किती आटे फिरवायचा ते त्याला बोटांवर कळे, पण हजेरीच्या वहीत अंगठा उठायचा. नवराबायको एकाच वर्गात बसले. चंपा तीन महिन्यांत वाचायला लागली, कुंडलिकला वर्ष लागलं. पण वाचायला आलं तसा तो लिहायलाही लागला आणि मग थांबेना. गावाकडच्या आठवणी, माणसं, बैल, जत्रा, जे सुचेल ते.

त्याची एक खोड होती. उशिरा शिकल्यामुळं त्याला मुकाट्यानं लिहिता येत नसे. प्रत्येक शब्द आधी तोंडानं म्हणायचा, मग कागदावर उतरवायचा. दहा बाय बाराच्या खोलीत त्यामुळं त्याची प्रत्येक गोष्ट जन्मतानाच सगळ्यांना ऐकू येई.

यंदा भाऊराव दिवाळी अंक काढत होते. त्यांनी कुंडलिकची गोष्ट मागितली होती. छापून येणारी त्याची पहिलीच गोष्ट.

"कुंडलिकराव," गुरुजी म्हणाले होते, "लेखकाला दोन गोष्टी लागतात. शिस्त आणि शांतता. वेळेची वाटणी करा, आणि लिहिताना आजूबाजूला कुणी नको."

शिस्त भिंतीवर चिकटवून झाली. शांततेचं मात्र जमत नव्हतं. सात ते नऊ म्हणजे चंपाच्या कारखान्याला निघायच्या घाईची वेळ. विक्रोळीला औषधाच्या बाटल्यांवर लेबलं लावायला ती जायची. भांडी वाजायची, स्टो फरफरायचा.

त्यातच पाणीखात्यातल्या डेनिसनं बोलावणं केलं. डेनिस फिटर, मनोरीचा, कुंडलिकचा जुना जोडीदार. "पहिल्या रविवारी आमचा आगेरा आहे रे. नव्या भाताची कणसं देवळात नेतो, मग घरी जेवण. वहिनींना घेऊन ये. दरवर्षी येतो म्हणतोस आणि दरवर्षी टांग मारतोस. या वेळी नाही आलास ना, तर बोलणार नाय तुझ्याशी."

कुंडलिकची सुट्टी मंगळवारची, चंपाची रविवारची. एकत्र सुट्टी अशी त्यांना मुंबईत आल्यापासून मिळालीच नव्हती. कुंडलिकनं खंडू नावाच्या चावीवाल्याशी दिवस बदलून घेतला. चंपानं पंधरा दिवस आधी हिरवं लुगडं धुऊन घडी करून ठेवलं. समुद्र तिनं पाहिला होता, पण दादरला, सहा डिसेंबरला, लाखभर लोकांच्या डोक्यांवरून. पाय बुडवून बसणं तिच्या मनात कधीचं होतं.

आणि शनिवारी गुरुजींचा निरोप आला. अंकाच्या शेवटच्या पानांचा फर्मा सोमवारी सकाळी छपाईच्या मशीनवर चढणार. तोपर्यंत गोष्ट आली तर आली, नाही तर त्या पानावर केशतेलाची जाहिरात जाईल.

गोष्टीचा शेवट अजून व्हायचा होता. कुंडलिकनं तीनदा घसा साफ केला आणि म्हणाला, "तुम्ही दोघी जावा मनोरीला. मी घरीच बसतो. घर मोकळं असलं म्हंजी दोन तासांत होईल लिहून."

चंपा भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती "बरं" म्हणाली.

रविवारी सातला दोघी निघून गेल्या. कुंडलिकनं दार लोटून घेतलं, पाटावर वही ठेवली आणि पेन उघडलं. भांडं वाजत नव्हतं, स्टो गप्प होता. गुरुजींनी सांगितली तशी शांतता.

गोष्ट त्याच्या आज्याची होती. आज्यानं सत्तर वर्षं गावच्या विहिरीच्या कट्ट्याखाली घागर घेऊन वाट पाहिली. वर कुणी तरी यावं, दया यावी, वरून धार धरावी. मग एके दिवशी वस्तीत सरकारी नळ आला. आज्या नळापाशी गेला. इथवर लिहून झालं होतं.

"नळाला पितळेची तोटी होती," कुंडलिक म्हणाला आणि लिहिलं. मग थांबला. पुढचं वाक्य येईना. तो तांब्याभर पाणी प्यायला. "तोटी उन्हात चकाकत होती," म्हणाला आणि पुन्हा थांबला. वाक्य तोंडातून निघे, खोलीत जाई आणि कुठंच पोचत नसे. नऊपर्यंत त्यानं सहा ओळी लिहिल्या आणि सात खोडल्या. सातवी कालची होती.

मग त्यानं निकरानं शेवट उरकला. आज्या तोटीवर हात ठेवतो आणि जमलेल्या लोकांना उद्देशून भाषण करतो. "बंधूंनो, आज गुलामीची घागर फुटली." चांगलं दीड पान भाषण. लिहून झालं आणि वाचून बघितलं तर ते भाषण ऐकल्यासारखं वाटत होतं, पण कुणाचं तेच कळेना.

तेवढ्यात शेजारच्या शांताबाई चाळण परत द्यायला आल्या.

"चंपा न्हाई व्हय घरात?" त्या म्हणाल्या. "तरीच म्हणलं आज भिंतीपल्याड निम्माच आवाज का येतोय."

"निम्मा कसा?"

"रोज तुमी बडबडताय आन ती हूं म्हणती. तुमी बडबडताय, ती हूं. आधी मला वाटायचं भांडताय. मग कळलं, भांडणात बाई कुठं नुसतं हूं म्हणून गप बसती व्हय?"

शांताबाई चाळण ठेवून गेल्या. कुंडलिक वहीकडं बघत बसला.

त्याचा बाप गावाकडं गोष्टी सांगायचा. ओट्यावर बाप बसला की समोरच्यानं हूं म्हणायचं, हा नेमच होता. हूं आलं नाही की बाप तिथल्या तिथं थांबायचा. राजा रानात असो की राक्षसाच्या दाढेत, हूं आल्याशिवाय पुढचं पाऊल नाही. "ऐकणाराच न्हाई तर मी काय ह्या खांबाला सांगू?" म्हणायचा. आणि एखाद्या वेळी ऐकणारा जागा असूनही हूं म्हणत नसे. तेव्हा बाप ओळखायचा की आपण काही तरी लबाडी केली आहे, आणि मागं येऊन तो भाग दुरुस्त करायचा.

सहा वर्षं चंपा भाकऱ्या थापत, भांडी घासत, केस विंचरत हूं म्हणत आली होती. त्याला ते स्टोच्या आवाजासारखं वाटत होतं.

कुंडलिकनं वही पिशवीत टाकली, अंगात स्वच्छ सदरा चढवला आणि खोलीला कुलूप घातलं.

दोन बस बदलून तो मार्वेला पोचला. तिथून होडीनं खाडी ओलांडली. मनोरीला डेनिसचं घर शोधावं लागलं नाही. दारावर भाताच्या ताज्या कणसांचा जुडगा टांगलेला होता आणि डेनिस नवा शर्ट घालून पायरीवरच बसला होता.

"आलास? वहिनी तर म्हणत होत्या, तू लेखक झालास, आता आम्हाला भेटणार नाय." तो आत वळून ओरडला, "बर्था, एक ताट वाढव ग."

"चंपा कुठाय?"

"मागं. विहिरीवर."

घरामागं नारळाखाली गोल बांधलेली विहीर होती. डेनिसची बायको बर्था मासे साफ करत बसली होती आणि चंपा हिरव्या लुगड्याचा ओचा खोचून विहिरीच्या काठावर उभी होती. तिच्या हातात दोर होता. बादली वर येत होती आणि ती ओढत होती, कुणाला न विचारता, कुणाची वाट न बघता. बादली काठावर टेकवून ती ओंजळभर पाणी प्यायली, आणि तिनं तोंड वाकडं केलं.

"मचूळ हाय गं," ती बर्थाला म्हणाली.

"समुद्र बाजूला आहे ना," बर्था म्हणाली. "आमचा चहापण तसाच लागणार. आता पिऊन घे."

चंपानं पुन्हा ओंजळ भरली.

मग तिला कुंडलिक दिसला. पदरानं तोंड पुसत ती म्हणाली, "झाली गोष्ट?"

"झाली म्हंजी, झाली आन न्हाई बी."

"इतकी शांतता दिली तरी?"

"त्या शांततेनंच घोटाळा केला."

जेवणं झाली. डेनिसच्या ओसरीवर सगळे टेकले. चंपा खांबाला पाठ लावून पाय लांब करून बसली आणि बर्थानं तांदूळ निवडायला सूप काढलं तेव्हा म्हणाली, "मला देऊ नगंस. आज मी काई निवडत न्हाई." कुंडलिकनं वही काढली.

"इथंपण?" सुजाता म्हणाली.

"दहा मिनटं. मग वही पिशवीत. शपथ."

तो वाचू लागला. घागर, विहीर, वाट बघणं. "हूं," चंपा म्हणाली. तिच्या पुढं समुद्र होता आणि ती तिकडंच बघत होती, पण हूं बरोबर जागी पडत होतं. नळ आला. हूं. तोटी उन्हात चकाकली. हूं. आज्यानं तोटीवर हात ठेवला आणि म्हणाला, बंधूंनो.

हूं आलं नाही.

कुंडलिक थांबला. डेनिसचा डोळा लागला होता. बर्था म्हणाली, "मग?"

"तुमचा आज्या असं बोलायचा?" चंपानं विचारलं.

"बोलत कुठं होता. दिवसात चार शब्द. पर गोष्टीत बोलावं लागतं."

"सत्तर वर्सं तहानलेलं माणूस. नळाची तोटी हाताखाली. आन भाषण करंल?"

कुंडलिकनं तिच्याकडं बघितलं. तिच्या लुगड्याच्या काठावर अजून बादलीचं पाणी सुकायचं होतं. त्यानं दीड पानावर आडवी रेघ मारली. मग शब्द तोंडानं म्हणत, सावकाश, लिहू लागला.

"आज्यानं तोटी फिरवली. ओंजळ धरली. प्यायला. लोक बघत होते, आज्या आता काय म्हणतो. आज्या म्हणाला, मचूळ आहे. आणि त्यानं पुन्हा ओंजळ धरली."

बर्थाच्या सुपातले तांदूळ थांबले. मग चंपानं पाय जवळ घेतले.

"हूं," ती म्हणाली.

वही पिशवीत गेली. मग शेवटच्या होडीपर्यंत कुंडलिक आणि चंपा समुद्राच्या पाण्यात पाय बुडवून बसले. सुजातानं खेकड्यामागं धावून चप्पल हरवली.

सोमवारी पहाटेच्या पाण्याची पाळी संपवून, चावी खांद्यावर घेऊनच कुंडलिक छापखान्यात गेला. भाऊराव गुरुजींनी उभ्या उभ्या गोष्ट वाचली. शेवटाशी आले तेव्हा त्यांनी पान उलटून मागं बघितलं.

"संपली?"

"संपली, गुरुजी."

"शेवटी काही उपदेश वगैरे नाही?"

"होता. त्याला हूं आलं न्हाई."

गुरुजींना ते काय ते कळलं नाही, पण त्यांनी शेवटची चार वाक्यं पुन्हा वाचली, या वेळी ओठ हलवत. मग त्यांनी चष्मा काढला आणि खिळे जुळवणाऱ्या नानांच्या हातात कागद दिले. "नाना, तेलाची जाहिरात काढा."

कुंडलिक निघाला तेव्हा गुरुजींनी मागून विचारलं, "टाइमटेबलाचा उपयोग झाला ना?"

"झाला तर. चंपानं मिठाच्या बरणीखाली अंथरलंय." तो दारात थांबला. "लिहायची वेळ तीच ठेवलीय गुरुजी, सात ते नऊ. फक्त भांडी वाजायला पायजेत."