चुकीचं दार

"ती माणसं आलीत, यंत्र न्यायला," फोनजवळ बसणारी मुलगी दारातून म्हणाली.

इस्त्रीवाली उठून टेबलावरच्या यंत्रापुढे उभी राहिली. हे तिचं ऑफिसातलं नाव. खऱ्या नटांना घेऊन चित्रित केलेला एक गेम कंपनीने कॉम्प्युटरवर काढला होता, आणि तोच टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रांवर आणायचा होता. त्या यंत्रांची स्मरणशक्ती बेताची, म्हणून दृश्यांतले रंग, हालचाली, पापण्यांची उघडझाप काढून टाकत ती चेहरे सपाट करायची आणि घडी घालून आत बसवायची. नाव चपखल होतं, तिलाही त्याचा राग नव्हता. काल दुपारी मात्र साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, खेळयंत्रांचं काम रद्द, आणि त्यासाठी खेळयंत्रवाल्या कंपनीने दिलेलं यंत्र परत जाणार.

गेममधलं शहर कायम काळोखातलं, माणसांच्या मेंदूत तारा खोचलेल्या. मनोऱ्याच्या फाटकावर एक म्हातारा पहारेकरी हवा होता. नट परवडेना, म्हणून तिने बाबांना आणलं. जन्मभर पाण्याचे मीटर वाचलेला माणूस, पण गोदामात निळ्या पडद्यापुढे असा काही उभा राहिला की दिग्दर्शकाने खूश होऊन त्याला लांबलचक भाषण दिलं. आणि भरपूर मरणंही दिली, कारण असल्या खेळात खेळणारा चुकला की कोणाला तरी मरावं लागतं. कॉम्प्युटरवर जागा पुरेना तेव्हा भाषण गाळलं गेलं आणि मरणं तेवढी राहिली.

मग बाबांना झटका आला आणि त्यांची वाचा गेली. अर्धा चेहरा हलेना. असे चेहरे ती रोज स्वतःच्या हाताने तयार करायची, त्यामुळे तिला तो पाहवत नव्हता. आईचं एकच मागणं होतं. "ह्यांचा आवाज आण गं कुठून तरी. घर खायला उठतं."

साहेबांच्या हातापाया पडून, बाकीची दृश्यं आणखी सपाट करून जागा काढत, तिने खेळयंत्रासाठी ते भाषण परत घेतलं होतं. ते नीट बसलं त्या दिवशी तिला इतका आनंद झाला की रीतीप्रमाणे चित्रणाच्या मूळ टेपला तिने हिरवी पट्टी लावून टाकली. हिरवी पट्टी म्हणजे काम झालं, टेप पुसा आणि पुन्हा वापरा. टेप पुसली गेली. आता बाबांचं बोलणं होतं ते फक्त या यंत्रात.

दोघं आत आले आणि वायरी गुंडाळू लागले.

"दादा, एकदा चालू करू द्या," ती म्हणाली. "समोर टेपरेकॉर्डर धरते. माझ्या वडिलांचा आवाज आहे आत."

"चावीची डिस्क लागते, ताई. तिच्याशिवाय हे यंत्र सुरूच होत नाही."

"साहेबांकडे आहे ना ती."

मोठ्या वयाच्या माणसाने खिशातून पाकीट काढून दाखवलं. आत डिस्कचे दोन तुकडे होते. "आम्ही खालीच मोडून घेतली. काम रद्द झालं की तसा नियम आहे." मग थोडं घुटमळून तो म्हणाला, "आधी सांगायचंत हो."

यंत्र दाराबाहेर गेलं. टेबलावर त्याच्या जागी धुळीचा चौकोन उरला. तिने तो पुसलासुद्धा नाही.

घरी आईने दारातच विचारलं, "आणलंस?"

"भाषण गेलं, आई. कायमचं."

आई खाली बसली. मग तिनेच विचारलं, "तो दुकानात मिळतो ना गेम, त्यात काहीच नाही त्यांचं?"

त्यात फक्त मरणं होती, म्हणून तर तिने त्या गेमचा खोका कपाटावर दडवला होता. तिने तसं स्पष्ट सांगितलं.

"असू दे. लाव," आई म्हणाली.

बाबांची खुर्ची कॉम्प्युटरजवळ सरकवली. पडद्यावर काळोख, मग फाटक, मग दोन दारं. तिने चुकीचं दार निवडलं. तारांतून ठिणगी उडाली, पहारेकरी मागे वळला, "अरे थांब, थांब," म्हणत गुडघ्यांवर कोसळला आणि निपचित पडला.

"हेच," आई म्हणाली. "चिडले की अस्संच म्हणायचे."

पुन्हा दोन दारं आली. बाबा एकटक पडद्याकडे बघत होते. स्वतःला मरताना बघायला लावलं आपण, या विचाराने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, बंद करते हं."

बाबांनी चांगला हात टेबलावरून पुढे सरकवला आणि माऊस तिच्या हातातून काढून घेतला. पडद्यावरचा बाण थरथरत, वाट चुकत, अखेर त्याच दाराशी पोहोचला. त्यांनी बटण दाबलं आणि मान वळवून आईकडे पाहिलं.

आईने स्टूल जवळ ओढलं.