मोजून मारलेले हात

गुरुदास मास्तर बावीस वर्षांचे होईपर्यंत पाण्याला भीत होते. कट्टा गावच्या शेतकरी घरातला माणूस; समुद्राशी त्यांची खरी गाठ पडली ती मालवणात शिक्षकाची नोकरी लागल्यावर. पण एकदा मनात घेतलं की हा माणूस हट्टाला पेटायचा. कमरेला सुके नारळ बांधून ते विहिरीत पोहायला शिकले. मग मुंबईहून पोहण्यावरचं एक पुस्तक मागवलं आणि पुढची दहा वर्षं रोज सकाळी सहाला समुद्रात उतरले. तीन हात मारायचे, चौथ्याला श्वास घ्यायचा. समुद्रातल्या किल्ल्याला पोहत वळसा घालून धक्क्यावर परत यायला त्यांना एक तास अठ्ठावीस मिनिटं लागत. दहा वर्षांत त्यातली दोन मिनिटंही कमी झाली नव्हती, पण होतील असं ते सगळ्यांना सांगत.

१९५८ च्या सव्वीस जानेवारीला गावाने या वळशाची शर्यत ठेवली. मास्तरच पहिले येणार हे साऱ्या शाळेने धरून ठेवलं होतं. ऐन वेळी बाबली तांडेल नावाचा एक मच्छीमार पाण्यात शिरला. त्याची होडी दुरुस्तीला काढली होती, रिकामं बसण्यापेक्षा बरं म्हणून आला. मान वर, हात कसेही, आणि वाटेत ओळखीची होडी दिसली तर थांबून चार गोष्टी. मास्तर धक्क्याला लागले तेव्हा तो कपडे बदलून कांदाभजी खात बसला होता. वीस मिनिटं झाली म्हणे त्याला येऊन.

मास्तर घरी येऊन पालथे पडून राहिले. देवाने कुणाला असं ढिगाने द्यावं आणि त्याने त्याची किंमत भज्याइतकीही करू नये, याचा त्यांना भयंकर संताप आला. आपली दहा वर्षं पाण्यात गेली हे तर अक्षरशः खरं होतं. पण संताप धरून बसतील तर ते मास्तर कसले. तिसऱ्या दिवशी ते बाबलीच्या दारात उभे राहिले. काही न शिकता ज्याला एवढं येतं, त्याला शिकवलं तर तो कुठे जाईल? मुंबईला दरवर्षी समुद्रात दहा मैलांची शर्यत व्हायची. तिथे बाबलीला उतरवायचं, आणि त्याच्या अंगातून का होईना, आपली मेहनत जिंकलेली पाहायची, असं त्यांच्या मनाने घेतलं. बाबली आधी हसला. पण खुद्द मास्तर दारात आलेले, नाही कसं म्हणायचं?

दोन हिवाळे शिक्षण चाललं. मास्तर छोट्या होडीत शिट्टी घेऊन बसत आणि शुद्ध पुस्तकी मराठीत ओरडत, ‘एक, दोन, तीन, श्वास.’ मान खाली, कोपर वर, इकडे तिकडे बघायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. बाबलीची वेळ पहिल्यांदा बिघडली, मग आणखी बिघडली. मास्तर म्हणाले की पुस्तकात असंच दिलंय, जुना हात मोडल्याशिवाय नवा बसत नाही. बाबलीने विश्वास ठेवला. इतका आज्ञाधारक विद्यार्थी मास्तरांना शाळेत कधी मिळाला नव्हता. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी वेळ जराशी सुधारली, तेव्हा मास्तरांनी घाईघाईने मुंबईच्या बोटीची तिकिटं काढली.

शर्यतीत चौथ्या मैलावर बाबली थांबला. दमला नव्हता, पायात गोळाही आला नव्हता. पाण्यात उभ्याने तरंगत ओठ हलवत होता.

“मास्तर, आकडो चुकलो,” तो म्हणाला.

त्याने पुन्हा एकपासून सुरुवात केली. एक लाट तोंडावर आली आणि पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा त्याने सोबतच्या होडीची कड धरली, म्हणजे नियमाप्रमाणे बाद. होडीत बसलेल्या मास्तरांना धक्का बसला, वाईटही वाटलं. पण त्याच्याही आधी, अगदी क्षणभर, छातीत काहीतरी निवांत झालं. यालाही जमत नाही तर. ती भावना त्यांनी ओळखली, आणि परतीच्या बोटीवर बाबलीच्या तोंडाकडे बघायची त्यांची हिंमत झाली नाही.

घरच्या पाण्यात होईल सगळं ठीक, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. महिन्याभराने कानावर आलं की जाळं खडकात अडकलं होतं, ते सोडवायला बाबलीने उडी मारली, चौथ्या आकड्याला पाण्याखालीच श्वास घेतला आणि खोकत लगेच वर आला. खाली जाळं सोडवलं ते त्याच्या धाकट्या भावाने, काशीरामने. त्यानंतर बाबलीला कुणी होडीवर नेईना. पाण्यात पडला तर ह्याला कोण काढणार?

मास्तर त्याच्या घरी गेले. बाबलीची बायको हिरा अंगणात सुकट पसरत होती. तिने बसायला सांगितलं नाही.

“आदी आमचो घो मासो होतो,” ती खाली बघूनच म्हणाली. “आता तुमच्यासारको मास्तर झालो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी बाबलीला किनाऱ्यावर बोलावलं. शिट्टी आणली नव्हती, पुस्तकही नाही. दोघे कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले. मोजू नकोस, एवढंच मास्तर म्हणाले, पूर्वी जायचास तसा जा. बाबलीने मान हलवली आणि अंग पाण्यावर टाकलं. चार हात गेला नसेल, ओठ हलायला लागले. तो उभा राहिला, परत फिरला, पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा ओठ. असं किती वेळा झालं कोण जाणे. शेवटी तो मास्तरांसमोर येऊन थांबला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच मास्तरांना सोसवेना.

“मास्तर, तुमी शिकवलात तसा मी शिकलंय,” तो म्हणाला. “आता माका इसरूक शिकवा.”

मास्तरांनी डोकं खाजवलं. न मोजता पोहणं कसं असतं, हे ते आठवू लागले. विहिरीतला पहिला दिवस आठवला, नंतरची सगळी वर्षं आठवली. न मोजता त्यांनी एक हातही कधी मारला नव्हता.

“बाबल्या,” दोन वर्षांत पहिल्यांदाच ते त्याच्याशी घरच्या भाषेत बोलले, “ता माकाच कधी येवक नाय रे.”

 बाबली ‘बरां’ म्हणाला, आणि एकेक पाऊल टाकत पाण्याबाहेर गेला. त्या पावलांबरोबरही त्याचे ओठ हलत होते.