ओली वजनं

सासऱ्यांनी गोणपाट उचललं, खालून हात फिरवला आणि पुन्हा बादलीभर पाणी ओतलं. शेडच्या सावलीत काँक्रीटच्या दोन जाडजूड चकत्या पडून होत्या. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना लावायची वजनं. पिंपाच्या कापलेल्या कड्यांत सळया घालून, बोल्टांसाठी पाइपचे तुकडे रोवून त्यांनी स्वतः ओतलेली.

"आजोबा, परत अंघोळ?" धाकट्या सुनेच्या कडेवरून पोरीने विचारलं.

"साबण पण आणून देतो," तिचा बाप वैतागून म्हणाला. "बाबा, सगळ्यांची नांगरट उरकली. आपणच राहिलोय."

"कच्चं आहे अजून."

मागच्या हंगामात थोरल्या मुलाने अशीच वजनं ओतली होती. आणखी थोडे दिवस भिजू द्या, असं तो म्हणत होता. "वरून टणक झालंय की. चल, काढ ट्रॅक्टर," असं तेव्हा सासरेच म्हणाले होते. टेकाडाच्या उतारावर वरच्या अंगाच्या चाकाचं वजन तडकून गळून पडलं आणि ट्रॅक्टर खालच्या अंगाला कलंडला. थोरला त्याच्याखालीच गेला. तेव्हापासून सासऱ्यांनी घरात कुणाला घाई केली नव्हती, अगदी जेवायलासुद्धा.

आता त्याच उतारावर धाकटा जाणार होता. नवऱ्याला नुसती ठेच लागली तरी धाकटी हळद घेऊन धावायची.

नवऱ्याने हातोडी आणली. "वाजवून बघा. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे."

"मी नाही वाजवणार. माझा अंदाज चुकलाय एकदा." सासऱ्यांनी हातोडी सुनेपुढे धरली. "सूनबाई, तू सांगशील तसं."

तिने पोरीला खाली सोडलं, गोणपाट बाजूला सारलं आणि ठोका दिला. आवाज खणखणीत आला. दुसऱ्या चकतीचाही तसाच. कुठे बद्द नाही, कुठे पोकळ नाही. ठोके ऐकून थोरल्या जाऊबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, पिठाच्या हातांनी.

"काय वाटतं?" सासऱ्यांनी विचारलं. ते वजनांकडे नाही, तिच्या तोंडाकडे बघत होते.

"कच्चं वाटतंय," ती म्हणाली.

नवऱ्याने चमकून तिच्याकडे पाहिलं. आवाज त्यानेही ऐकला होता. काहीतरी बोलणार, तेवढ्यात त्याची नजर दारातल्या वहिनीकडे गेली.

त्याने रिकामी बादली उचलली आणि तो नळाकडे गेला.