हँडलला गुंडाळलेली लाल दोरी

"पोर कामाला वाघ आहे हो, पण तोंडात जीभच नाही!" किनाऱ्यावरच्या टपरीमागे सासूबाई सासऱ्यांना म्हणाल्या. आत लाइफ जॅकेटं वाळत घालणाऱ्या नव्या सुनेनं ते ऐकलं. मीही ऐकलं.

मी वॉटर स्कूटरची लाल दोरी बोलतेय. माझं एक टोक इंजिनच्या बटणाखाली अडकवायचं, दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटाला. माणूस पाण्यात पडला की मी निसटते आणि इंजिन बंद पडतं. जन्माला आले ती एवढ्या एकाच कामासाठी.

पण इथं भाड्यानं गाडी फिरवणारी गिऱ्हाईकं पडायची आणि वर कुरकुरायची, "काका, तुमची गाडी मध्येच बंद पडते!" सासरे वैतागले. त्यांनी माझं मोकळं टोक तारेनं हँडललाच आवळून टाकलं. तीन वर्षं झाली. उन्हानं रंग उडाला, पीळ सैल पडला. माणसं पडतात, गाडी धावत राहते, मी मुकाट बघत राहते. थकले मी.

गेल्या आठवड्यात सुनेचा नवरा कसरत दाखवताना पडला. ॲक्सिलरेटर अडकलेला. रिकामी गाडी गरकन वळली ती थेट त्याच्याच डोक्यावर. त्यानं बुडी मारली म्हणून वाचला. काठावर येऊन म्हणतो कसा, "या गाडीला माझ्याशिवाय करमत नाही!" सगळे खो खो हसले. सून टॉवेल घेऊन उभी होती. ती माझ्या तारेकडे बघत होती, ते कुणाला दिसलं नाही.

आज सकाळी सर्वांच्या आधी ती आली. पक्कड घेऊन तिनं तार सोडवली, बटणाखालचं टोकही काढलं आणि मला मुठीत घेतलं.

नवऱ्यानं बटण दाबलं. गाडी ढिम्म. सासऱ्यांनी बॅटरी तपासली, पेट्रोल हुंगलं. "मेकॅनिकला बोलवा, नाहीतर दिवस वाया," सासूबाई म्हणाल्या.

सून गुडघाभर पाण्यात उतरली. मूठ उघडली. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला माझ्या कामासाठी हातात धरलं होतं.

"गाडी ठणठणीत आहे, बाबा. दोरी मी काढलीय. ही मनगटाला बांधल्याशिवाय गाडी कुणीच काढायची नाही, गिऱ्हाइकानं नाही आणि घरच्यांनीही नाही. अहो, हसताय काय? हात पुढे करा."