हणमंतरावांच्या जीपसाठी पंप

हणमंतरावांचं पत्र श्रावणात आलं होतं, आणि येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली शेतपूजेची अमावस्या, तोंडावर आली तरी माणिकप्पांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

विचारलं होतं ते साधंच. जीपला रुंद टायर घातलेत. मांजरा नदीच्या वाळूतून पलीकडच्या शेतात जायचं तर टायरातली हवा उतरवावी लागते आणि परत आल्यावर भरावी लागते. जीपमध्ये बरोबर नेता येईल असा हवेचा पंप कोणता घेऊ? तू वाचून सांग.

माणिकप्पा लातूरच्या एका कॉलेजातले निवृत्त ग्रंथपाल. त्यांना सायकलसुद्धा धड चालवता येत नसे. पण नांदेडच्या वसतिगृहात दोघं एका खोलीत राहिले तेव्हापासून हणमंतराव विहिरीची मोटर असो की शिलाई मशीन, माणिकप्पांना विचारल्याशिवाय घेत नसत. फोनवर माणिकप्पा नुसतं हं हं करत, म्हणून विचारणं पत्रानंच व्हायचं.

माणिकप्पांनी हौसेनं माहितीपत्रकं जमवली. खोक्यावर ठळक छापलेल्या दाबाच्या आकड्याला भुलायचं नाही, मिनिटाला हवा किती देतो आणि न तापता किती वेळ चालतो ते बघायचं, हे त्यांना कळलं. गाडीतल्या सिगारेट लायटरच्या भोकात खुपसायचे छोटे पंप अशा टायरांपुढे दमतात. थेट बॅटरीला चिमटे लावायचा पंप हवा. उत्तर जवळजवळ तयार झालं, आणि त्यांनी पत्राची शेवटची ओळ पुन्हा वाचली.

‘आपल्या देगलुरातले बियाणेवाले वीरभद्र म्हणतात, त्यांच्यासारखा दोन सिलिंडरचा घे. त्यांची माझी आता रोजची बैठक हाय.’

रोजची. माणिकप्पांनी पेनाला टोपण लावलं.

“अहो, त्या पंपाचं काय झालं?” त्यांच्या पत्नीनं, शिवकांताबाईंनी, दिवाळीत विचारलं.

“वाचतोय अजून.”

“एवढ्यात लोकं पीएचडी होतात.”

येळवशीला मात्र देगलूरला जाणं टळणारं नव्हतं. त्या अमावस्येला हणमंतरावांच्या शेतात जेवायचं, हा दोघांचा जुना शिरस्ता. हणमंतरावांच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर आंबिलीचं मडकं घोंगड्यात गुंडाळून बसवलं होतं. माणिकप्पांना मागं टोपल्यांमध्ये जागा मिळाली. नदीकाठी दुसरी जीप उभी होती. दणकट बांध्याचा, त्यांच्याहून बराच तरुण वीरभद्र टायरापाशी उकिडवा बसून हवा सोडत होता.

“या ग्रंथपाल सर. पुस्तकातल्या वाळूत गाडी फसते का हो?”

हणमंतराव खो खो हसले आणि त्याच्याशेजारी जाऊन बसले. दोघांची डोकी टायरावर एकत्र आली. माणिकप्पा चष्मा पुसत राहिले. असं हसणं एके काळी फक्त त्यांच्या खोलीत ऐकू यायचं.

पलीकडे गेल्यावर कडब्याच्या कोपीपुढं पूजेची मांडामांड चालली होती. वीरभद्र कडबा सारखा करत होता, जणू घरचाच. “जरा फिरून येतो,” असं माणिकप्पा कुणालाच न ऐकू जाईल असं म्हणाले आणि बांधानं चालू लागले.

शेजारच्या शेतातल्या गौरम्मांनी त्यांना हटकलं. “ओ मामा, येळवशीच्या दिवशी उपाशी कुठं निघालाव? बसा खाली.”

येळवशीला ताटावर बोलावणाऱ्याला नाही म्हणता येत नाही, आणि माणिकप्पांना तर एरवीही नाही म्हणता येत नसे. मिसळीच्या भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, वर दोन तांबे ताकातली आंबील. ते परत आले तेव्हा हणमंतरावांकडची सगळी माणसं भरल्या ताटापुढं हात राखून बसली होती.

“कुठं होतास? बस.”

“मी... जेवलो. त्या गौरम्मांनी...”

हणमंतरावांचा चेहरा पडला. “माझ्या शेतात येऊन येळवस दुसऱ्याच्यात केलास?” आवाज चढला नव्हता. माणिकप्पांनी तो स्वर ओळखला. श्रावणापासून त्यांच्या मनात तोच होता.

“सर,” वीरभद्र म्हणाला, “तुमच्यापायी ह्यांनी आम्हाला घासाला शिवू दिलं न्हाई. पंपाचंबी तेच. मी हजारदा सांगितलं, घेऊन टाका. म्हणतात, माणिकचा कागद येऊ द्या. तवर माझाच पंप वापरून राहिलेत फुकट.”

माणिकप्पा बसले आणि पुन्हा जेवले, पोटाला तडस लागेस्तोवर.

परतीला नदीकाठी वीरभद्रनं बॅटरीला चिमटे लावून हणमंतरावांच्या टायरात हवा भरायला घेतली. माणिकप्पा शेजारी उभे राहिले. हा आता तापेल, बंद पडेल, असं त्यांना मनापासून वाटत होतं. पंप एका सुरात घरघरत राहिला. चारही टायर टणक झाले. कुणाचं लक्ष नाही असं बघून त्यांनी पंपाला हात लावला. कोमट होता. त्यांना वाईट वाटलं, आणि वाईट का वाटलं ते कळल्यावर जास्तच वाटलं.

“मग, काय म्हणतोस?” हणमंतरावांनी विचारलं.

“लिहून कळवतो.”

लातूरला आल्यावर त्यांनी खरंच लिहायला घेतलं. वीरभद्रचा नको, हवेची टाकी असलेला मोठा पंप घे, असं लिहिलं. कारणंही दिली. ती वाचून कुणालाही पटली असती. हणमंतरावांना तर पटलीच असती. त्यांनी वीरभद्रला न विचारता ते अवजड धूड आणलं असतं आणि दुखऱ्या कमरेनं जीपमध्ये चढवत-उतरवत राहिले असते. माणिकप्पांनी कागद फाडला.

दुसऱ्या कागदावर लिहिलं: ‘वीरभद्रकडं आहे तोच घे. चिमटे लावताना इंजिन चालू ठेव. दोन टायर झाले की त्याला थोडी उसंत दे. येळवशीचं मनात ठेवू नकोस. त्या दिवशी मी रुसून गेलो होतो.’

थोडं थांबून खाली बारीक अक्षरात जोडलं: ‘तोच पंप मी सुचवला, हे वीरभद्रला सांगू नकोस.’

ही ओळ खोडावी का, याचा विचार करत ते टपाल कार्यालयापर्यंत चालत गेले. शेवटी खोडली नाही. पाकीट चिकटवलं आणि पेटीत टाकलं.