दहाची नळी

संशय घेण्याचाच मला पगार मिळतो असं मी गमतीने म्हणतो, आणि ते अगदीच खोटं नाही. एका संशोधन संस्थेच्या वर्कशॉपमध्ये मी एकोणीस वर्षं मिस्त्री आहे. वरच्या मजल्यावरचे शास्त्रज्ञ कागदावर काढतात ते खाली मी धातूत उतरवतो. बाहेरून आलेला प्रत्येक खिळा, प्रत्येक पट्टी मी स्वतः मोजून घेतो. डब्यावर चार लिहिलंय म्हणून आतला स्क्रू चारचा असतोच असं नाही. माणसांचंही तेच आहे. एकदाही कुणी मला फसवलेलं नाही, आणि याचा मला भारी गर्व होता.

आमच्या सरांनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, श्वासनलिका आतून बघायचं एक यंत्र बनवलं होतं. पेनच्या रिफिलपेक्षा बारीक तार, आणि तिच्या टोकाला गरगर फिरणारा उजेड. ती घशातून हळूच आत सोडली की पडद्यावर श्वासनलिकेचं गोल चित्र उमटायचं आणि शेजारी तिची रुंदी यायची, मिलिमीटरमध्ये. आम्ही सगळे तिला नुसतं 'तार' म्हणायचो. तारेच्या टोकाचं फिरतं घर मी घडवलेलं होतं. तार खरं बोलते का हे तपासायची नळीही माझीच होती. ॲल्युमिनियमच्या ठोकळ्याला आरपार भोक पाडून त्यात मी सिलिकॉन रबराचं अस्तर ओतलं होतं, माणसाच्या गळ्याइतकं मऊ. आतली पोकळी बरोबर दहा मिलिमीटर. दर सोमवारी तार आधी माझ्या नळीत जायची. पडद्यावर दहा आले नाहीत तर सर कळ फिरवून आकडा दहावर आणायचे, आणि मग पेशंटला आत घ्यायचे. थोडक्यात काय, तारेचा गुरू मी.

तारेच्या पेशंटांपैकी एक होती माझी ताई. ती माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. त्यानंतर शिलाई मशीनवर पाय मारून मारून तिनेच मला वाढवलं, शिकवलं, आणि अजूनही ती मला 'छोट्या' म्हणते, माझे केस पांढरे झाले तरी. गेल्या वर्षी तिची फुप्फुसं बिघडली आणि अठरा दिवस तिच्या घशात श्वासाची नळी होती. जीव वाचला, पण त्या नळीने आत घासून घासून वण धरला, आणि श्वासनलिका त्या जागी आवळत गेली. जिना चढली की तिच्या श्वासाला शिट्टीसारखा आवाज यायचा.

सरांना विनवून मी तिचं नाव यादीत घातलं. त्यांनी हिशेब सरळ सांगितला होता. रुंदी आठच्या खाली गेली, तर वणाचा भाग काढून श्वासनलिका पुन्हा जोडायची, मोठं ऑपरेशन. आठच्या वर राहिली, तर औषध द्यायचं आणि वाट बघायची. पहिल्या खेपेला आकडा आला ८.१. तीन महिन्यांनी आला ८.३. मी तिथेच टाळी वाजवली.

ताईने मात्र टाळी वाजवली नाही. "छोट्या, मला तर दम जास्तच लागतोय रे," ती म्हणाली.

"मशीन काय खोटं बोलतंय का?"

"मशीनचं मला काय कळतंय. मी माझ्या जिन्याचं सांगते." ती तिसऱ्या मजल्यावर राहते.

मी हसण्यावारी नेलं, पण आत किडा वळवळायला लागला. ८.३ म्हणजे ८.३. आकडा माझ्या नळीवर बेतलेला होता. मग हिला दम कसला लागतो? एवढ्या मोठ्या आजारातून उठल्यावर माणसाला लाडाची सवय लागते, असं शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या होत्या. तेव्हा मी त्यांच्यावर चिडलो होतो. आता मला त्यांचं म्हणणं पटायला लागलं.

मग मी काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. एका दुपारी मी तिच्या इमारतीसमोरच्या औषधाच्या दुकानाच्या पाटीआड जाऊन उभा राहिलो. त्या जिन्याला रस्त्याकडून जाळी आहे, येणारा-जाणारा दिसतो. ताई कापडाचं गाठोडं घेऊन आली. पहिल्या वळणावर गाठोडं खाली ठेवून पायरीवर बसली. दुसऱ्या वळणावर पुन्हा बसली. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. शहाण्या माणसाने यावरून काय ते समजून घ्यायचं, पण मी ठरवलं की तिने मला नक्की बघितलं असणार.

वर गेल्यावर मी तिला चांगलंच सुनावलं. "ताई, माणसाने मनाने खचू नये. आकडा सुधारलाय तुझा. रोज दोनदा जिना चढ-उतर कर, न बसता. भीती गेली की दमही जाईल."

ती शिवणाच्या टेबलावर नवं काम मांडत होती. त्या टेबलाच्या कडेला मापाची लोखंडी पट्टी ठोकलेली आहे. रोज काम सुरू करण्याआधी ती आपली कापडी टेप त्या पट्टीला लावून बघते.

"टेपवरही संशय का?" मी तिला चिडवलं.

"टेपवर आधी," ती म्हणाली. "ओढून ओढून लांबते रे ती. आपल्याला कळतही नाही, आणि गिऱ्हाईक म्हणतं झंपर घट्ट झाला." मग जरा श्वास घेऊन म्हणाली, "बरं, चढते दोनदा."

वरच्या मजल्यावर सरांच्या समोरच्या खोलीत एक शास्त्रज्ञ बाई होत्या. त्यांना सगळे 'मऊबाई' म्हणायचे. त्या पेशींचा मऊपणा मोजायच्या. पेशंटच्या श्वासनलिकेतून बारीक ब्रशने पेशी काढायच्या, त्यांच्यावर डोळ्याला न दिसणारे लोहचुंबकी मणी चिकटवायचे, आणि चुंबकाने मणी पिळून बघायचे. पेशी मऊ असेल तर मणी पुष्कळ वळतो, ताठ असेल तर हटून बसतो. स्वभावाने बाई शांत होत्या, कधी मोठ्याने बोलल्याचं आठवत नाही, आणि असल्या माणसांवर माझा मुळातच विश्वास नाही.

एक दिवस त्यांनी मला जिन्यात गाठलं. "मिस्त्री, तुमच्या ताईंच्या पेशी गेल्या वेळेपेक्षा ताठ झाल्यात. वण अजून आवळतोय असं दिसतंय. श्वासनलिका रुंद झाली हे मला पटत नाही."

"तारेने मोजलंय, बाई."

"म्हणूनच विचारतेय."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. गुरुवारी यंत्रं पारखायला समिती येणार होती. सरांची तार आणि बाईंचे मणी, दोन्ही यंत्रं एकाच दिवशी तिच्यासमोर ठेवायची होती. ताईच्या पुढच्या उपचाराचा निर्णयही त्याच बैठकीत व्हायचा होता. आमची तार खोटी पडली की यांचे मणी भाव खाणार, हे कळायला काही शास्त्रज्ञ व्हावं लागत नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं.

त्यानंतर मी डोळ्यात तेल घालून बसलो. माझ्या कपाटातला नळीचा ठोकळा एका सकाळी उलटा ठेवलेला दिसला. मी तो कधीच उलटा ठेवत नाही. मग मी कपाटाच्या दाराला ताईच्या पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा चिकटवून ठेवला. मंगळवारी दोरा तुटलेला होता. भिंग घेऊन बघितलं तर रबराच्या तोंडाशी टाचणीच्या डोक्याएवढे बारीक खळगे होते, ओळीने सहा. कुणीतरी माझी नळी बिघडवत होतं.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी बाहेर गेल्यासारखं केलं आणि मागच्या दाराने परत आलो. कपाट उघडं, ठोकळा गायब. तरातरा मऊबाईंच्या खोलीत गेलो. ठोकळा त्यांच्या टेबलावर होता आणि एक बोथट सुई यंत्राने हळूहळू त्याच्या रबरात रुतत होती.

"सापडलात ना!" मी एवढ्या जोरात ओरडलो की सर धावत आले. मग मी काहीच बाकी ठेवलं नाही. दोरा सांगितला, खळगे सांगितले, समिती सांगितली. "तुमचे मणी पुढे जावेत म्हणून माझी नळी खराब करताय? माझ्या बहिणीचा श्वास टांगलाय हो तिच्यावर!"

बाईंनी सुई वर घेतली. "न विचारता उचलली ही माझी चूक. विचारलं असतं तर तुम्ही दिली नसती. नळी ओतली तेव्हा उरलेला रबराचा तुकडा तुम्हीच मला दिला होतात. मी तो मोजून ठेवला होता. आज ही नळी त्याच्या निम्मीसुद्धा घट्ट राहिलेली नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मऊ झालीय. रबर उगाच मऊ होत नाही, मिस्त्री. ते काहीतरी प्यायलंय. आणि प्यालं की फुगतं. बाहेरून धातू आहे, बाहेर फुगायला जागा नाही."

"माझी नळी दहाची आहे."

"कधी मोजलीत?"

"ओतली तेव्हा."

"मग आता मोजा ना," त्या म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता, तेच जास्त लागलं.

मी खाली जाऊन मापाच्या पोलादी कांड्यांची पेटी आणली. दहाची कांडी काढली, पुसली, नळीच्या तोंडाला लावली. ती आत जाईना. पावणेदहाची लावली, गेली नाही. साडेनऊची लावली, नाही. सव्वानऊची कांडी रबराला जेमतेम चाटून आत गेली.

हिशेब सगळ्यांच्या डोक्यात एकदमच झाला असणार. नळी सव्वानऊची झाली होती, आणि दर सोमवारी आम्ही तारेला ती दहा म्हणून शिकवत होतो. म्हणजे तार सगळ्यांनाच जास्त रुंद दाखवत होती.

सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "या आठवड्यातल्या उकाड्याने झालं असेल. माल पुरवणाऱ्यालाही विचारू. पण हे कधीपासून झालंय ते कळायला हवं. याच आठवड्यात झालं असेल तर आधीचे आकडे बरोबर आहेत."

त्यांनी मला निसटायला वाट करून दिली होती, कदाचित मुद्दामच. हो म्हणायचं, उकाड्यावर ढकलायचं, नवी नळी ओतायची. एकोणीस वर्षांची अब्रू जागच्या जागी राहिली असती. आणि ताईचा ८.३ सुद्धा.

मला ठाऊक होतं कधीपासून. कोरड्या रबरात तार अडकायची, म्हणून पहिल्याच महिन्यापासून दर शनिवारी मी नळीला आतून तेल लावत होतो. सिलिकॉनचंच तेल, म्हटलं रबराच्याच घरातलं आहे, त्याला काय करणार. बाळाच्या अंगाला लावावं तसं चोळून लावायचो, वर्कशॉपमध्ये एकटा असताना, कुणाला न सांगता, कारण ती माझी खास युक्ती होती. दाराला दोरे लावून मी चोर शोधत होतो आणि तेलाची बाटली माझ्याच फळीवर होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. अख्ख्या जगावर मी संशय घेतला. घेतला नाही तो फक्त एका माणसाच्या हातावर.

"उकाड्याने नाही," मी म्हणालो. "मी केलंय." आणि तेलाचं सगळं सांगितलं, तारखांसकट.

मऊबाईंनी कागदावर भागाकार मांडला आणि कागद सरांकडे सरकवला. ताईचे ८.३ म्हणजे खरे ७.७ होते. सरांनी डोळे मिटले, मग फोन उचलला आणि यादीतल्या अकराही पेशंटांना परत बोलवायला सांगितलं. ताईचं नाव सगळ्यात वर. मला ते एवढंच म्हणाले, "बरं झालं बोललात." त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मी बाईंसमोर उभा राहिलो. माफी मागायची मला सवय नाही. "बाई, मी फार वाईट बोललो."

"बोललात खरं," त्या म्हणाल्या. "आधी बहिणीकडे जा."

गेलो. पहिल्याच वळणावर ताई बसलेली दिसली. पायाशी गाठोडं नव्हतं, पिशवी नव्हती, काहीच नव्हतं. एक हात जाळीला धरलेला, ओठ निळसर. मला बघून ती घाईघाईने उठायला लागली.

"बसले नव्हते रे," ती धापा टाकत म्हणाली. "आत्ताच टेकले. दुसरी फेरी आहे ही आजची. दोन करते मी रोज, तू सांगितल्यापासून."

मी तिला खाली बसवलं आणि तिच्या शेजारी पायरीवर बसलो. नळी, तेल, सव्वानऊ, ७.७, ऑपरेशन, सगळं सांगितलं. औषधाच्या दुकानाआड उभा राहिलो होतो तेही सांगितलं. बोलताना तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती. तिच्या श्वासाची शिट्टी तेवढी ऐकू येत होती, आत जाताना आणि बाहेर येताना. गेले तीन महिने ती मला ऐकू येतच होती.

मला वाटलं ती एक ठेवून देईल. लहानपणी द्यायची तशी. मला ती हवीच होती.

ती रडायला लागली. मी घाबरलो. म्हटलं, "ताई, ऑपरेशनची भीती वाटते का? मी आहे ना, सर आहेत—"

तिने मान हलवली.

"म्हणजे मला खरंच दम लागत होता," ती म्हणाली. "तू एवढं ठामपणे म्हणालास, आणि तू कधी चुकत नाहीस. मला वाटायला लागलं होतं, छोट्या, की मी ढोंगच करतेय."